मदत हवी आहे: बुद्धिबळातल्या ड्रॅगन बचावात काळ्याने एच५ केल्यावर पुढे काय?

पांढऱ्याकडून सिसिलियन ड्रॅगनला (काळ्याची एक सुरुवात) युगोस्लाव्ह अटॅक, म्हणजे काळ्याच्या राजावर थेट हल्ल्याची पद्धत, खेळतो. उंट सी४, मोठं कॅसलिंग (राजा वजिराच्या बाजूला), एच४, इथवर ठीक. पण बाराव्या चालीला काळा एच५ करून प्यादं अडवतो आणि हल्ला थबकतो.

उंट एच६ करून पाहिलं. उंटांची मारामारी होते, वजीर एच६ वर पोचतो, तेवढ्यात सी८ चा हत्ती सी३ वरचा घोडा मारतो. बी प्याद्याने मारावं तर माझाच राजा उघडा! हा बळी म्हणजे ड्रॅगनचा प्राणच वाटतो मला.

आता उंट जी५ खेळतो, काळा हत्ती सी५. इंजिन (बुद्धिबळाचा संगणक प्रोग्राम) लावून पाहिलंय, पण त्याच्या चालींमागचं कारण कळत नाही. पुण्यातल्या रॅपिड (कमी वेळाच्या) स्पर्धांसाठी हवंय, त्यामुळे लांबलचक पाठांतर नको. इथे आधी राजा बी१, की लगेच जी४ चं प्यादं देऊन एफ४? तुम्ही कशावरून ठरवता?