भंडारदऱ्याचा उन्हाळी मुक्काम: तुमचे अनुभव लिहा

मंडळी, भंडारदऱ्याबद्दल जे काही वाचायला मिळतं ते बहुतेक पावसाळ्यातलं असतं. धबधबे, धुकं, हिरवे डोंगर. ते सुंदर आहेच, पण हा धागा मला मेमधल्या भंडारदऱ्यासाठी काढायचाय. शनिवारी जाऊन रविवारी परतलेल्यांपेक्षा, ज्यांनी चार-आठ दिवस तिथे तळ ठोकला आणि जलाशयाभोवतीच्या गावांतून निवांत भटकंती केली, त्यांनी आवर्जून लिहा.

सुरुवात माझ्यापासून. गेल्या मेमध्ये आम्ही दोघं जलाशयाकाठच्या शेंडी गावात नऊ दिवस होतो. उन्हाळ्यात तिथे काय बघणार, असं घरच्यांनी विचारलं होतं, आणि पहिल्या सकाळी मलाही तोच प्रश्न पडला. पाणी बरंच खाली गेलेलं, काठापासून पाण्यापर्यंत नुसता मातीचा रुंद पट्टा. पण रोज पहाटे तिथे जाऊन बसायला लागलो तसा तो पट्टा नीट दिसू लागला. पाणी जसजसं ओसरलं तशा त्याच्या बारीक बारीक रेघा मातीवर उमटल्या होत्या, एकाखाली एक. वरच्या कोरड्या भागात भेगा, त्या भेगांतून वर आलेलं कोवळं गवत आणि त्यावर चरणाऱ्या म्हशी. पहिल्या दिवशी मी पाण्याला टेकवून एक दगड ठेवला होता. नवव्या दिवशी तो पाण्यापासून सोळा पावलं मागे होता. हे पाणी प्रवरेतून खाली कालव्यांना जातं आणि अहिल्यानगर जिल्ह्याच्या उत्तर भागातली शेती त्यावर उभी आहे, हे मला माहीत होतं. पण ते जाताना दिसलं ते त्या दगडामुळे.

शेंडी, मुरशेत, पांजरे, उडदावणे, घाटघर, साम्रद, रतनवाडी, मुतखेल आणि परत शेंडी, असा जलाशयाला वळसा घालणारा रस्ता आहे. गाडीने एका दिवसात आरामात होतो. आम्ही चार दिवस लावले आणि तेही कमीच पडले.

* * *

छान धागा. आम्ही आईला घेऊन रतनवाडीत पाच दिवस राहिलो होतो. आईचे गुडघे दुखतात, त्यामुळे रतनगड वगैरे चढायचा प्रश्नच नव्हता. रोज सकाळी आणि संध्याकाळी अमृतेश्वराच्या देवळात जायचं, एवढाच कार्यक्रम.

एरवी देऊळ अर्ध्या तासात बघून होतं. पाच दिवस रोज गेलात तर ते वेगवेगळ्या उजेडात दिसतं. सकाळचं तिरपं ऊन भिंतीवर आलं की शिखरावरची नक्षी अशी उठून दिसते की हात लावून बघावंसं वाटतं, आणि बारा वाजता तीच नक्षी सपाट दिसते. पावसाळ्यात गाभाऱ्यात पाणी भरतं, पिंड पाण्याखाली जाते. आम्ही गेलो तेव्हा आई पिंडीजवळ कोरड्या दगडावर निवांत बसून होती. बाहेर अंगाची लाही होत होती आणि आत तळपायाला गार लागत होतं.

जवळची पुष्करणी चुकवू नका. चौकोनी बांधीव कुंड, भिंतीतल्या कोनाड्यांत विष्णूच्या मूर्ती. आईने एकेका मूर्तीसमोर थांबून हातातल्या शंख-चक्र-गदा-पद्माचा क्रम बघितला. क्रम बदलला की विष्णूचं नाव बदलतं, केशव, नारायण, माधव. संध्येतली चोवीस नावं तिला लहानपणापासून पाठ, पण त्यांचा मूर्तींशी असा मेळ असतो हे मला तिने त्या कुंडाच्या काठावर सांगितलं. मी बेचाळीस वर्षांचा आहे.

* * *

कळसूबाईबद्दल थोडक्यात. १६४६ मीटर, राज्यातलं सर्वांत उंच शिखर, बारी गावातून वाट. मेमध्ये जायचं तर पहाटे चारला चढायला सुरुवात करा आणि नऊच्या आत उतरायला लागा. नंतर लोखंडी शिड्यांचे कठडे हाताला चटके देतात. वरून अख्खा जलाशय एका नजरेत दिसतो, उन्हाळ्यात त्याची आकसलेली कडा स्पष्ट कळते. पाणी माणशी तीन लिटर. वाटेत ताक आणि लिंबू सरबत विकायला बसलेल्या मावश्या हे सगळं खालून डोक्यावर वाहून आणतात, त्यांच्याशी दहा रुपयांसाठी घासाघीस करू नका.

* * *

काजव्यांवर कुणीतरी लिहायलाच हवं, म्हणून मी लिहिते.

आम्ही रोहिण्या लागल्यावर गेलो, मुलगी सात वर्षांची. पहिली रात्र शनिवारची. खूप वाईट वाटलं. रस्त्यावर गाड्यांची रांग, सगळ्यांचे हेडलाइट चालू, कुणीतरी गाणी लावलेली, लोक झाडाखाली जाऊन मोबाईलचा फ्लॅश मारत होते. मुलगी म्हणाली, "आई, काजवे कुठेत?" काजवे होते, पण त्या उजेडात दिसत नव्हते. आम्हाला दिसत नव्हते तसे ते एकमेकांनाही दिसत नसणार. नर लुकलुकतो तो मादीला खूण करायला, आणि ती खूण पोचायला काळोख लागतो. प्रौढ काजव्याचं आयुष्य जेमतेम काही आठवड्यांचं. त्यातली एक रात्र आपण वाया घालवली तर त्याच्याकडे राहतं काय? मादी ओलसर मातीत अंडी घालते, म्हणजे झाडाखालची जमीन तुडवणं हेही नुकसानच. मी मुलीला घेऊन तशीच परत आले.

सोमवारी आमच्या यजमान काकांनी जेवणं झाल्यावर त्यांच्या शेतामागे नेलं. बॅटरी बंद, चपला हातात, बोलायचं नाही. पहिली दहा मिनिटं काहीच नीट दिसेना. मग डोळे काळोखाला सरावले आणि समोर एक सादड्याचं झाड उजळलं. आधी विखुरलेले ठिपके होते, हळूहळू त्यांना लय आली. खालच्या फांद्यांपासून उजेडाची लाट वर चढायची, शेंड्याला पोचायची, सगळं झाड विझायचं, मग पुन्हा खालून सुरू. शेजारचं हिरड्याचं झाड थोडं उशिराने तेच करत होतं. एक काजवा मुलीच्या बाहीवर येऊन बसला. तिने श्वास रोखून धरला होता. त्या उजेडात बाहीच्या विणीचे दोन-तीन धागे दिसत होते, आणि तरी तो उजेड गार असतो, त्यात उष्णता जवळजवळ नसतेच.

हा सगळा भाग कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात येतो. वनखात्याचे नाके आहेत, तिथले नियम पाळा. जमलं तर सोमवार ते गुरुवार जा. बॅटरीला लाल जिलेटिनचा कागद लावा, आणि वाट दिसण्यापुरतीच वापरा.

* * *

वरच्या दगडाच्या गोष्टीवरून आठवलं. आमच्या ग्रुपमधला एक जण असाच पाण्यापर्यंत चालत गेला आणि वरून कोरड्या दिसणाऱ्या गाळात मांडीपर्यंत रुतला. गुराख्याच्या पोराने काठी आडवी टाकून त्याला बाहेर काढलं. कृपा करून जिथून गुरं जातात त्याच वाटेने पाण्याकडे जा, आणि पोहायला उतरू नका.

* * *

माझे वडील पाटबंधारे खात्यात होते, त्यामुळे मला धरणाचंच वेड. भंडारदऱ्याच्या धरणाचं, म्हणजे विल्सन धरणाचं, काम १९१० साली सुरू झालं आणि १९२६ साली पूर्ण झालं. जलाशयाला आर्थर लेक म्हणायचे. सगळी दगडी भिंत. १९६९ साली या भिंतीतून धोकादायक गळती सुरू झाली, आणि नंतर मागच्या बाजूने टेकू बांधून ती मजबूत केली. वडील मला ते टेकू बोटाने मोजून दाखवायचे. उन्हाळ्यात गेलात तर मोकळ्या वेळी भिंतीच्या पायथ्याच्या बागेत जाऊन वर बघा. घडवलेल्या दगडांच्या रांगा इतक्या सरळ आहेत की शंभर वर्षांपूर्वीच्या त्या पाथरवटांना हात जोडावेसे वाटतात. अंब्रेला फॉल हा धबधबा मात्र धरणातून पाणी सोडलेलं असेल तरच दिसतो, त्याची आशा धरून जाऊ नका.

एक दिवस घाटघरला ठेवा. वरच्या तळ्यातून पाणी खाली कोकणाच्या बाजूला सोडून वीज करतात आणि मागणी कमी असताना तेच पाणी पुन्हा वर चढवतात. २५० मेगावॅटचा प्रकल्प. तिथल्या कड्यावर संध्याकाळी जो वारा लागतो, त्याने दिवसभराचं ऊन निघून जातं.

* * *

मी याच पट्ट्यातला, आता नोकरीसाठी नाशकात. तुमचं सगळं वाचून बरं वाटलं. दोन गोष्टी सांगतो.

धरण उशाला आणि कोरड घशाला, ही म्हण आमच्याकडे म्हण राहिलेली नाही. जलाशय खाली असतो, वाड्या वर. मेमध्ये विहिरी तळाला जातात आणि माझी वहिनी आजही दोन हंडे डोक्यावर घेऊन चढ चढते. तुम्ही घरगुती मुक्कामाला याल तेव्हा बादलीतलं पाणी कुठून आलंय ते विचारा. आमची माणसं पाहुण्याला कधी नाही म्हणणार नाहीत.

दुसरं म्हणजे, आमच्याबरोबर फिरा. एप्रिल-मेमध्ये राब भाजतात, पालापाचोळा आणि शेण पसरून भाताच्या रोपांची जागा भाजायची, ते बघा. करवंदं, जांभळं, आळव आमच्या पोरांबरोबर तोडा. आमच्या आजीला इंग्रजांविरुद्ध बंड केलेल्या राघोजी भांगऱ्यांबद्दल विचारा. १८४८ साली इंग्रजांनी त्यांना ठाण्याला फाशी दिलं, पण आजी बोलते ती काल समोर बघितल्यासारखी.

* * *

दादा, तुमचं वाचून लिहायचं ठरवलं. आम्ही उडदावण्यात अकरा दिवस होतो. साम्रदची सांदण दरी, म्हणजे उंच कड्यांमधली अरुंद घळ, त्यातल्याच एका दिवशी केली. पावसात तिथे जाणं जिवावर बेततं, त्यामुळे उन्हाळाच बरा. पण लक्षात राहिला तो निघायचा दिवस.

सामान गाडीत भरून झालं होतं. दुपारी तीनला डोंगरामागून एकदम अंधारून आलं, वारा सुटला, आणि घरातल्या आजी "गवऱ्या, गवऱ्या" करत अंगणात धावल्या. वर्षभराचं जळण उघड्यावर रचलेलं होतं. आम्ही दोघं, त्यांची सून आणि दोन नातवंडं असे रांगेत उभे राहून एकेक गवरी पडवीत देत होतो. शेवटची चळत आत गेली आणि पत्र्यावर थेंब वाजायला लागले. आजींनी पदराने तोंड पुसलं, तळहात पुढे करून पाऊस घेतला आणि सुनेला म्हणाल्या, "भाताचं बी काढ गं वर."

मग आमच्याकडे वळून म्हणाल्या, "तुम्ही आज कुठं जाताय? चहा ठेवते." सामान गाडीतच राहिलं. आम्ही त्या रात्री तिथेच थांबलो.