पॅरोलचं मूळ: कैद्यावरचा विश्वास की सरकारी काटकसर?

अनवट: शिक्षा संपण्याआधी अटींवर सुटका ही ब्रिटिशांच्या दयाबुद्धीची देणगी, असं सर्रास म्हटलं जातं. मला हे साफ अमान्य आहे. 1801 मध्ये न्यू साउथ वेल्स या ऑस्ट्रेलियातल्या ब्रिटिश कैद्यांच्या वसाहतीचे गव्हर्नर किंग यांनी ‘तिकीट ऑफ लीव्ह’, म्हणजे मुदतीआधी सुटकेचा परवाना, सुरू केलं ते सरकारी कोठारातला शिधा वाचावा म्हणून. जो स्वतःचं पोट भरेल त्याला तिकीट. खरा विश्वास टाकला तो कॅप्टन मॅकॉनकी यांनी, 1840 मध्ये ऑस्ट्रेलियाजवळच्या नॉरफोक बेटावरच्या तुरुंगाचे प्रमुख असताना. हा माणूस स्वतः फ्रान्समध्ये युद्धकैदी राहिलेला. त्यांनी वर्षं मोजणं सोडून काम आणि वागणूक यांचे गुण मोजले. राणीच्या वाढदिवसाला तुरुंगाची दारं उघडली. कैदी दिवसभर मोकळे हिंडले आणि संध्याकाळी बिगुल वाजताच परतले. सरकारने 1844 मध्ये त्यांनाच परत बोलावलं!

रावसाहेब: बेटावरून पळणार कुठे? चहूकडे समुद्र. 1853 च्या कायद्याने खुद्द ब्रिटनमध्ये असे कैदी सुटू लागले तेव्हा खरी परीक्षा झाली. परवान्याच्या पाठीवर अटी छापलेल्या: वाईट संगत नको, उनाडक्या नकोत, पोटापाण्याचा उद्योग हवा. पण त्या पाळल्या जातात का, हे बघणार कोण? 1862 मध्ये लंडनच्या रस्त्यावर खासदार पिल्किंग्टन यांना गळा आवळून लुटलं. लोक धास्तावले यात त्यांचं काय चुकलं?

अनवट: धास्ती समजते हो. पण वर्तमानपत्रांनी सगळं खापर सरसकट तिकीटवाल्यांवर फोडलं, त्याचं काय? 1863 मध्ये अशा लुटीला फटक्यांची शिक्षा आली, 1864 पासून सुटलेल्यांना दरमहा पोलिसांकडे हजेरी. ज्याच्यामागे पोलीस, त्याला कामावर ठेवणार कोण? उपाशी माणूस पुन्हा चोरीकडेच वळणार.

शेवंती: तुम्ही दोघंही आयर्लंड विसरलात. तिथे 1854 मध्ये तुरुंगांचा कारभार हाती आलेल्या वॉल्टर क्रॉफ्टन यांनी सुटकेआधी एक मधला टप्पा ठेवला. डब्लिनजवळ लस्क गावी कैदी मोकळ्या शेतजमिनीवर राबत. डब्लिनमध्ये जेम्स ऑर्गन नावाचे शिक्षक त्यांच्यासाठी मालकांकडे शब्द टाकत, सुटल्यावर भेटून चौकशी करत.

अनवट: हेच तर! हातात कागद देऊन रस्त्यावर सोडणं म्हणजे सुटका नव्हे. ऑर्गनसारखा माणूस पाठीशी हवा.

रावसाहेब: ऑर्गन यांचं काम मोठंच, मान्य. पण डब्लिनबाहेर सुटलेल्यांना तिथेही पोलिसांकडे हजेरी होतीच. क्रॉफ्टन यांनी ती काढली नाही, आणि मीही काढणार नाही.