हनिमूनला एकच बेट पुरे! (आणि पाण्यावरची व्हिला नकोच)

गोगलगाय:

लग्नाला चार वर्षं झालीत, आता सांगायला हरकत नाही. आमचा अर्धा हनिमून बोटीच्या रांगेत गेला. सेशेल्स, सात रात्री, तीन बेटं: माहे, प्रालँ आणि ला दीग. कागदावर आखणी इतकी देखणी होती की मीच ती चार जणींना पाठवली होती. प्रत्यक्षात दर दोन दिवसांनी बॅगा भरायच्या, सकाळी खोली सोडायची, पुढच्या हॉटेलात दुपारी दोन-तीनशिवाय खोली मिळायची नाही, तोवर ओल्या कपड्यांची पिशवी मांडीवर घेऊन लॉबीत बसायचं. लग्नानंतरचं आमचं पहिलं भांडण प्रालँच्या धक्क्यावर झालं. कारण काय, तर तिकिटं कोणाच्या बॅगेत आहेत.

म्हणून माझं ठाम मत: सहा-सात रात्री असतील तर एक बेट, एक हॉटेल. लग्नाच्या धावपळीनंतर माणसाला झोप हवी असते, सहल नव्हे.

दुसरं मत अनेकांना झोंबेल. पाण्यावरची व्हिला घेऊ नका. ही कल्पना निघाली 1967 मध्ये, फ्रेंच पॉलिनेशियातल्या रायातेआ बेटावर, कारण तिथल्या हॉटेलला धड किनाराच नव्हता. म्हणजे मुळात ती अडचणीतून काढलेली वाट! आम्ही नंतर एकदा जूनमध्ये मालदीवला दोन रात्री तशा व्हिलात राहिलो. सूर्यास्ताच्या बाजूची, मुद्दाम मागून घेतलेली. रात्रभर फरशीखाली लाटांच्या थपडा, गच्चीवर वारा इतका की खुर्चीवर टाकलेला टॉवेल समुद्रात. वाळूत पाय टाकायचा तर लाकडी पुलावरून दहा मिनिटं चाला, तेही पावसात.

बोला आता.

पाणकावळा:

पूर्ण असहमत, आणि तेही तुमच्याच उदाहरणावरून.

सेशेल्सची ही तीन बेटं म्हणजे एका सहलीत जोडायला सगळ्यात सोपी. माहे ते प्रालँ बोटीने साधारण तासभर, प्रालँ ते ला दीग पंधरा मिनिटं. तुमचं चुकलं ते वाटणीत. सात रात्रींचे तीन जवळपास सारखे तुकडे कोण करतं? माहे विमानतळापुरतं ठेवायचं. प्रालँला तीन रात्री, कारण तिथे व्हाले द मे आहे, कोको द मेरच्या माडांचं जंगल, 1983 पासून जागतिक वारसा. ला दीगला चार, कारण तिथे सायकलवर टांग मारली की दिवस कसा जातो कळत नाही. ही दोन बेटं एकमेकांसारखी अजिबात नाहीत. एकावरच बसून राहिलात तर निम्मं सेशेल्स हुकलं.

आणि "एकच बेट" म्हणजे काय, हे मालदीवमध्ये करून बघा. तिथे बहुतेक रिसॉर्ट म्हणजे एक अख्खं बेट. पंधरा मिनिटांत प्रदक्षिणा पूर्ण. तिसऱ्या दिवशी तुम्हाला प्रत्येक खेकडा नावानिशी माहीत होतो. जेवण त्यांचंच, बोट त्यांचीच, चौथ्या दिवशीचा कंटाळा मात्र तुमचा स्वतःचा.

बाकी धक्क्यावरचं भांडण तिकिटांवरून होतं हो, बेटांवरून नाही. ते घरीही झालंच असतं.

गोगलगाय:

@पाणकावळा शेवटचं वाक्य नवऱ्याला वाचून दाखवलं. तो तुमच्या बाजूने आहे.

पण चौथ्या दिवशी कंटाळा येतो म्हणता, तोच तर मला हवाय. कंटाळा आला की माणसं एकमेकांशी बोलतात.

सुखवस्तू:

पाण्यावरच्या व्हिलावर इतका राग? अगं, सकाळी उठून चहाचा कप हातात धरून चार पायऱ्या उतरायच्या आणि पाय पाण्यात. समोरून शार्कचं पिल्लू जातं. शेजारची व्हिला आहे हे विसरायला होतं. किनाऱ्यावरच्या व्हिलात झाडी असते, म्हणजे डास आले. पाण्यावर वारा असल्यामुळे तो त्रास कमी. आणि किनारा नव्हता म्हणून सुरू झालं ते वाईट, हा कुठला न्याय? गच्चीसुद्धा अंगण नव्हतं म्हणूनच आली असेल.

आम्ही केलं ते सांगते. एकाच हॉटेलात पहिल्या चार रात्री किनाऱ्यावर, शेवटच्या दोन पाण्यावर. सामान त्यांची माणसं हलवतात, आपण तोवर पोहत बसायचं. लॉबीत पिशवी घेऊन बसणं नाही. पाण्यावरची शेवटी ठेवा मात्र. आधी घेतलीत तर नंतरची उतरल्यासारखी वाटते.

आणि मालदीवला जाणाऱ्यांनी आधी विमानाची वेळ बघावी, व्हिला मागाहून. लांबच्या बेटांवर नेणारी सीप्लेन (पाण्यावर उतरणारी छोटी विमानं) फक्त दिवसाउजेडी उडतात. तुमचं विमान संध्याकाळी उतरलं, तर पहिली रात्र राजधानी मालेच्या आसपासच्या एखाद्या साध्या हॉटेलात जाते आणि तिकडे रिकाम्या व्हिलाचं भाडं चालू राहतं. आमच्या ओळखीतल्या एका जोडप्याचं झालंय. स्पीडबोटीने पोचता येईल असं बेट घेतलं तर हा प्रश्न बहुधा येत नाही.

भरतीओहोटी:

दोन्ही बाजू वाचल्या. बेटं किती आणि व्हिला कुठली यावर एवढी हाणामारी, पण महिना आणि दिशा यावर कोणीच बोलेना. एकट्या गोगलगाय यांनी लिहिलंय, तेही नकळत.

जून. मालदीव. सूर्यास्ताची बाजू. सूर्यास्ताची बाजू म्हणजे पश्चिम. मे ते ऑक्टोबरच्या सुमाराला तिथे नैर्ऋत्य मोसमी वारे. म्हणजे वारा आणि लाटा थेट तुमच्या गच्चीवर. तीच व्हिला फेब्रुवारीत घेतली असती तर टॉवेल जागेवर राहिला असता. दोष व्हिलाचा नाही, जून आणि पश्चिम यांच्या जोडीचा आहे. सूर्यास्ताची व्हिला मागण्याआधी आपण कुठल्या महिन्यात चाललोय ते बघावं, एवढंच.

सेशेल्सलाही हेच. साधारण मे ते सप्टेंबर आग्नेयेकडून व्यापारी वारे वाहतात. त्या काळात ला दीगच्या ग्रँड आन्सला पोहणं धोक्याचं, प्रवाह ओढून नेतात. काही किनाऱ्यांवर समुद्रशेवाळाचे ढीग लागतात. हॉटेल तेच, फोटो तेच, पण खिडकीबाहेरचं चित्र वेगळं. मॉरिशसला जुलै-ऑगस्टमध्ये पूर्व किनाऱ्यावर वारा सुटलेला असतो, पश्चिमेला फ्लिक आन फ्लाकला पाणी त्या मानाने शांत. थायलंड तर एक देश आणि दोन समुद्र: जुलैत फुकेत-क्राबीकडे पाऊस आणि खवळलेलं पाणी, पण थायलंडच्या आखातातल्या को सामुई बेटावर तेव्हा ठीक असतं. तिथला मोठा पाऊस ऑक्टोबर ते डिसेंबर.

आणि झांझिबार! पूर्व किनाऱ्यावरचं हॉटेल घेऊन लोक नंतर रडतात, "समुद्र गेला कुठे?" तिथे ओहोटीला पाणी इतकं आत जातं की पोहायला मैलभर चालावं लागेल की काय असं वाटतं. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला तर जास्तच. उत्तरेला नुंग्वी-केंद्वाला हा प्रश्न बराच कमी. लग्नाचा मुहूर्त काढताना पंचांग बघता, मग हॉटेल घेताना भरतीचं कोष्टक बघायला काय जातं?

पाणकावळा:

@भरतीओहोटी यांना +१, हे मान्य करायला जिवावर आलंय तरी.

त्यात एक भर. फोटोतलं पाणी जितकं फिरोजी, तितके तिथे मासे कमी. फिरोजी म्हणजे उथळ पाणी आणि खाली नुसती वाळू. हॉटेल ठरवण्याआधी उपग्रहाच्या नकाशावर ते बेट मोठं करून बघा. गडद निळ्याची कड किनाऱ्याला चिकटलेली असेल तर प्रवाळ जवळ, पोहत जाता येईल. कड लांब असेल तर दर वेळी बोट. हॉटेलच्या पानावर हे कोणी लिहीत नाही, तिथे मधोमध झोपाळा असतो.

शिवाय जून ते नोव्हेंबरमधला मालदीव अगदीच टाकाऊ नाही. बा अटॉल या प्रवाळबेटांच्या कड्यातल्या हनीफारू खाडीत मांटा रे (पंखांसारखे पर असलेले मोठे चपटे मासे) जमतात ते त्याच दिवसांत. तिथे स्कूबा (हवेची टाकी घेऊन खोल बुडी) बंद आहे, फक्त वरून स्नॉर्केलिंग, म्हणजे नळीने श्वास घेत पोहणं. मी हनिमूनला पाऊस अंगावर घेऊन तेच बघायला गेलो होतो. बायकोने माफ केलंय, असं ती म्हणते.

(ज्यांना इतरत्र स्कूबा करायचंय त्यांनी शेवटचा दिवस मोकळा ठेवा. डाइव्ह एकापेक्षा जास्त झाले असतील तर विमानात बसण्याआधी किमान 18 तास जाऊ द्यायचे असतात.)

खर्चिक_नाही:

रिसॉर्ट, व्हिला, सीप्लेन... मालदीवमध्ये माणसंही राहतात हो! साधारण 1,200 बेटांपैकी दोनशेच्या आसपास वस्तीची आहेत. त्यांवर 2009 च्या सुमारापासून गेस्टहाउसला परवानगी आहे. आम्ही धिगुराला राहिलो. चिंचोळं, लांबलचक बेट, टोकाला वाळूची जीभ, आणि जवळच्या पाण्यात व्हेल शार्क दिसतात. रिसॉर्टच्या तुलनेत खर्चाचा अगदीच अंश.

सुखवस्तू:

@खर्चिक_नाही, बाकीचं पण सांगा की. वस्तीच्या बेटांवर दारू मिळत नाही, आणि बिकिनी घालायची तर त्यासाठी राखलेल्या किनाऱ्यावरच. मला हनिमूनला नियमांची पाटी वाचायची नव्हती.

खर्चिक_नाही:

खरंय, सांगायला हवं होतं. आम्हाला दोन्ही लागत नव्हतं त्यामुळे लक्षातच आलं नाही. ज्यांना लागतं त्यांनी नकोच.

निळाई:

नमस्कार. माझं लग्न जूनअखेरीला आहे आणि हे सगळं वाचून जास्तच गोंधळले. जुलैचा पहिला आठवडा, सहा रात्री. मालदीवची पाण्यावरची व्हिला जवळजवळ ठरली होती, सूर्यास्ताच्या बाजूची (हो, माहितीय). आता काय करू?

गोगलगाय:

@निळाई सूर्योदयाची बाजू मागून घे, किंवा किनाऱ्यावरची. आणि बेट एकच.

पाणकावळा:

@निळाई बा अटॉल! मांटा!

सुखवस्तू:

@निळाई चार अधिक दोन. विमान सकाळी उतरणारं घे.

भरतीओहोटी:

@निळाई तुम्ही दोघं तिथे दिवसभर करणार काय, ते आधी सांगा. होणाऱ्या नवऱ्याला काय आवडतं? पोहणं, स्नॉर्केलिंग?

निळाई:

विचारलं नव्हतं. काल रात्री विचारलं.

त्याला पोहता येत नाही. पाण्याची भीतीही वाटते, लहानपणी कधीतरी विहिरीत पडला होता. व्हिलाचे फोटो मी पाठवले की तो दर वेळी "छान" म्हणायचा. मग काय हवंय म्हटल्यावर म्हणाला, डोंगर. चढायला डोंगर हवा, संध्याकाळी समुद्र लांबून दिसला तर चालेल.

पाणकावळा:

मग मालदीव बादच. अख्ख्या देशाची सरासरी उंची जेमतेम दीड मीटर.

भरतीओहोटी:

माहे. मोर्न सेशेल्वा 905 मीटर, भोवती राष्ट्रीय उद्यान. शिखर नको असेल तर कोपोलियाची वाट घ्या, वर ग्रॅनाइटचा उघडा कातळ आणि खाली समुद्र. हॉटेल बो व्हालाँला, म्हणजे वायव्येला. जुलैतला आग्नेय वारा मधल्या डोंगरांमुळे अडतो, त्यामुळे पाणी शांत. नुसतं गुडघाभर उतरायचं असेल तरी बरं.

गोगलगाय:

माहेला मी दोन रात्री काढल्या आणि त्या डोंगराकडे मान वर करून बघितलंसुद्धा नाही. बोटीचं वेळापत्रक वाचत होते.

पाणकावळा:

मीच वर "माहे विमानतळापुरतं" लिहिलंय. ते वाक्य मागे घेतो. बाकीचं नाही.

निळाई:

ठरलं. माहे, एकच हॉटेल, सहा रात्री. तो तयार झाला तर एक दिवस ला दीगला जाऊन येऊ.

पाणकावळा:

बोट लागू नये म्हणून गोळी अर्धा तास आधी घ्या, त्यालाही द्या. जुलैत ती बोट हलते.