शेवंडीचं ‘संवर्धन’ की आणखी काही?

दाजी पेठ :
आमच्या विज्ञान मंडळाच्या भित्तिपत्रकात या महिन्यात समुद्राची पाळी आहे. सोलापुरात समुद्र कुठला ते विचारू नका, विषय चिठ्ठ्या टाकून ठरतो. माझ्या वाट्याला न्यूझीलंडचे लॉबस्टर, म्हणजे आपल्याकडची शेवंड, आले. मजकूर थोडक्यात असा : ऑकलंडजवळचं हाउराकी आखात आणि बे ऑफ प्लेंटी या पट्ट्यात लॉबस्टर फार घटले. म्हणून एप्रिल 2018 पासून विक्रीसाठी पकडणाऱ्या बोटींची वर्षाची मर्यादा 200 टनांवरून 80 टनांवर आणली. पुढे 2020 मध्ये हौसेने पकडणाऱ्यांनाही दिवसाला माणशी सहाऐवजी तीनच, असा नियम झाला.
शीर्षक दिलं होतं ‘लॉबस्टर संवर्धनासाठी मासेमारीचे नियमन’. मंडळातल्या एका काकांनी वाचून विचारलं, “तिकडं लॉबस्टरची शेती करतात होय?” आता ‘संवर्धन’ ठेवू की काढू? शिवाय ‘स्टॉक’ (पाण्यात आहे तेवढी मासळी), ‘रीक्रिएशनल’ (हौसेची मासेमारी) आणि ‘बॅग लिमिट’ (एकाने दिवसात किती पकडायचे) हे तिन्ही इंग्रजी शब्द अडून बसलेत.

भीमाकाठ :
काढा. काका बरोबर बोलले. मासळीच्या धंद्यात संवर्धन म्हणजे पाळून वाढवणं. मत्स्यसंवर्धन म्हणजे तळ्यात मासे सोडायचे, खाद्य टाकायचं, मोठे झाले की काढायचे. कोळंबी संवर्धन म्हणजे कोळंबीची शेतीच. शेततळ्याच्या अर्जावरही हाच शब्द असतो.
आमच्या उजनीच्या काठाला तर मासा कमी झाला की पहिला प्रश्न, ‘यंदा बीज किती सोडलं?’ सगळ्यात बारीक ते जिरे, त्याहून मोठं मत्स्यबीज, बोटाएवढं झालं की बोटुकली. कटला-रोहूची बोटुकली प्लास्टिकच्या पिशवीत येते, खाली पाणी, वर ऑक्सिजन, तोंड रबरानं आवळलेलं. ती पिशवी लगेच फोडत नाहीत. तशीच धरणाच्या पाण्यावर तरंगत ठेवायची, आतलं आणि बाहेरचं पाणी सारखं गार झालं की मग तोंड सोडायचं, नाहीतर पिल्लं दगावतात. आमच्या डोक्यात संवर्धन म्हटलं की ही पिशवी येते. तुमच्या लॉबस्टरचं असं बीज कुणी सोडतंय का? नसेल तर तो शब्द नको.

दाजी पेठ :
नाही सोडत, सोडणं सोपंही नाही. अंड्यातून निघालेलं पिल्लू पानासारखं चपटं आणि पारदर्शक असतं, त्याला फायलोसोमा म्हणतात. न्यूझीलंडच्या जातीत ते वर्षभर, कधी दोन वर्षांपर्यंत खुल्या समुद्रात प्रवाहाबरोबर फिरतं आणि मग किनाऱ्याच्या खडकाकडे येतं. एवढा काळ टाकीत जगवायचं म्हणजे चेष्टा नाही. त्यामुळे तिथला सगळा उपाय एकच : कमी पकडा, मोठ्या माद्या पाण्यात राहू द्या, बाकी समुद्र बघेल.

जुना तपासनीस :
संवर्धनाला एवढं हाकलू नका. वन्यजीव संवर्धन, गडकिल्ल्यांचं संवर्धन, तिथे कुणी शेती समजत नाही. शब्द एकच, दोन खात्यांत दोन अर्थ. मात्र मासळीच्या पानावर तो मासळी खात्याच्या अर्थानेच वाचला जाणार, हे मान्य. ‘पुनर्भरण’ कसं वाटतं? भूजल पुनर्भरण लोकांच्या तोंडात बसलंय.

भीमाकाठ :
पुनर्भरण म्हणजे बाहेरून ओतणं. छपरावरचं पाणी बोअरात सोडतात ते. पुन्हा पिशवीच आली की.

रत्नागिरीकर :
शब्दांच्या आधी प्राण्याचं नाव नीट करा. आमच्याकडे ती ‘शेवंड’. ती शेवंड, त्या शेवंडी. मराठीत शब्द असताना पानभर ‘लॉबस्टर लॉबस्टर’ का? आणि चित्र कुठलं लावणार आहात? मराठी वर्तमानपत्रात शेवंडीची बातमी आली की वर लाल, दोन जाडजूड नांग्यांच्या अमेरिकन लॉबस्टरचा फोटो. आपल्या शेवंडीला तशा नांग्या नसतातच. तिचं शस्त्र म्हणजे पाठीवरचे काटे आणि अंगापेक्षा लांब मिशा. न्यूझीलंडचीही त्याच घराण्यातली, बिननांगीची.

पार्क चौक :
शेवंड म्हणजे काय बे, शेवंतीचा भाऊ? माझा फोन तर दर वेळी शेवंतीच करतोय. आपल्याकडं सगळाच झिंगा. हॉटेलात मोठा झिंगा मागितला की झालं.

रत्नागिरीकर :
झिंगा म्हणजे कोळंबी. तिला शेवंड म्हणून खपवलं तर किनाऱ्यावरचं पोरही हसेल, भाव विचारल्यावर तर जास्तच.

दाजी पेठ :
शेवंड घेतली. पण एक गोम आहे. तिकडे कायद्यात ‘रॉक लॉबस्टर’, लोकांच्या बोलण्यात ‘क्रेफिश’ आणि तिथल्या मूळच्या माओरी लोकांचं नाव ‘कोउरा’. कोशात क्रेफिश म्हणजे गोड्या पाण्यातला प्राणी दिलाय.

रत्नागिरीकर :
कोशातला वेगळा. तिकडचे लोक समुद्रातल्या शेवंडीलाच क्रेफिश म्हणतात. सगळीकडे शेवंडच लिहा आणि पहिल्यांदा येते तिथे ‘तिकडे हिला क्रेफिशही म्हणतात’ एवढं एक वाक्य टाका.
आणि जमलं तर आपल्या किनाऱ्याचीही एक ओळ येऊ द्या, नाहीतर वाचणाऱ्याला वाटेल हे सगळं परदेशातच होतं. मुंबईच्या पाण्यात चपट्या जातीची शेवंड ट्रॉलरच्या जाळ्यात ढिगानं यायची. अंडीवाल्या माद्याही सुटल्या नाहीत, 1994 पर्यंत ती मासेमारी बसली. केंद्राने 2003 मध्ये निर्यातीला किमान वजन ठरवलं : आपल्या किनाऱ्यावरच्या काटेरी शेवंडीला 300 ग्रॅम, चपटीला 150 ग्रॅम. त्याखालची बाहेर पाठवायची नाही. आता हे निर्यातीपुरतं, म्हणजे बंदरावरच्या टोपलीत काय येतं त्याला हा नियम लागत नाही. नियमाचं शेपूट तिथेच अडकतं असं माझं मत.

दाजी पेठ :
ही ओळ नक्की घेते. आता ‘स्टॉक’. मी ‘साठा’ लिहिलाय, पण साठा म्हटलं की गोदामातली साखर डोळ्यापुढे येते. ठेवली तेवढीच राहते, वाढत नाही.

जुना तपासनीस :
‘मत्स्यसाठा’ सरकारी कागदांत रुळलेला आहे, तो सोडू नका. एकट्या ‘साठा’पेक्षा ‘शेवंडीचा साठा’ म्हणा, गोदाम आपोआप मागे पडतं.

भीमाकाठ :
सोलापूरकराला साठा म्हणजे उजनीचा पाणीसाठा हो, साखर नंतर. आणि इथं तो शब्द चांगलाच लागू पडतो. उजनी एकूण 117 टीएमसीची, त्यातला साधारण 63 टीएमसी मृतसाठा, वरचा 53 टीएमसी उपयुक्त. टक्केवारी या वरच्या साठ्याची, म्हणून तर उन्हाळ्यात ‘उजनी उणे’ अशी बातमी येते आणि बाहेरगावच्या पाहुण्याला कळत नाही की धरण शून्याच्या खाली कसं जातं. शेवंडीचंही तसंच मांडा. अंडी घालणाऱ्या मोठ्या माद्या म्हणजे खालचा साठा. त्याच्या वर जे येईल ते धरा. न्यूझीलंडवाले खालच्या साठ्यात शिरले होते, म्हणून 200 चे 80 करावे लागले. फक्त ‘मृत’ हा शब्द तिथं वापरू नका, तो साठा चांगला जिवंत असतो.

जुना तपासनीस :
मग त्या खालच्या साठ्याला ‘बेणं’ का म्हणू नये? ऊसवाल्या जिल्ह्यात हा शब्द सांगावा लागत नाही. बेण्याचा ऊस कारखान्याला घालत नाहीत.

भीमाकाठ :
बेणं म्हणजे तोडून लावायचं असतं. ही तर तोडायची नाही, लावायचीही नाही. शिवाय ‘कुणाचं बेणं’ म्हणून शिवीही आहे, भित्तिपत्रकावर पोरं खिदळतील. ‘पैदाशीच्या माद्या’ म्हणा.

दाजी पेठ :
‘पैदाशीच्या माद्या’ पटलं. मग ‘रीबिल्ड’ला काय? पुनर्बांधणी अजिबात नको, इमारत वाटते.

जुना तपासनीस :
‘सावरणे’. घसरलेला साठा सावरतो, पीक सावरतं, माणूस आजारातून सावरतो. आपलं आपण उभं राहणं हा अर्थ त्यात आहे आणि बाहेरून कुणी ओतत नाही हेही आलं. ‘घटलेला साठा सावरण्यासाठी’. कमी होण्यालाही दहा शब्द आहेत : घटला, खालावला, रोडावला. रोडावणं माणसाला किंवा गर्दीला बरं. साठा खालावतो किंवा घटतो.

पार्क चौक :
आता हौशीचं बघा. हौशी मासेमारी म्हटल्यावर मला हौशी नाट्यस्पर्धा आठवते. तिकीट न लावता शेवंड पकडणार?

जुना तपासनीस :
विनोद सोडा, पण तेच तर बरोबर आहे. हौशी नट पैशासाठी काम करत नाही. ‘करमणुकीची मासेमारी’ यातून जीव घेऊन मजा करणारा माणूस उभा राहतो. ‘हौशी’ बरं.

भीमाकाठ :
मला दोन्ही पटत नाहीत. रविवारी गळ घेऊन धरणावर बसणारा आमचा माणूस हौस म्हणून बसतो, पण दोन चिलापी घावल्या की घरी कालवण होतं. त्याला हौशी म्हणायचं की पोटापुरता? तिकडं कायदा फरक कशावरून करतो ते बघा.

दाजी पेठ :
विक्रीवरून. हौसेने पकडलेली शेवंड विकता येत नाही, मग खा, वाटा, शेजाऱ्याला द्या. तिसरा प्रकारही आहे, माओरी समाजाच्या रिवाजाचा. अंत्यविधीला किंवा मोठ्या बैठकीला लागणारी मासळी परवान्यावर पकडतात, ती या माणशी मर्यादेत मोजत नाहीत.

भीमाकाठ :
मग तिन्ही सरळ लिहा : विक्रीची, घरापुरती, रिवाजाची. कुणालाही समजतं.

जुना तपासनीस :
मजकुरात चालेल. शीर्षकात ‘घरापुरती मासेमारी’ घरंदाज वाटते. आणि ऑकलंडच्या किनाऱ्यावर स्वतःच्या बोटीतून, पाणबुड्याचा पोशाख घालून उतरणारे लोक पोटापुरते म्हणायचे का? शीर्षकात ‘व्यावसायिक आणि हौशी’, आत तुमचे तीन शब्द.

दाजी पेठ :
तसंच करते. बॅग लिमिट?

पार्क चौक :
पिशवी-मर्यादा. मंगळवार बाजारात नेतो त्या पिशवीची.

भीमाकाठ :
पिशवी नको, पिशवीत किती मावतं त्याचा संबंध नाही. ‘माणशी रोजची मर्यादा’. तुम्हीच वर ‘दिवसाला माणशी तीन’ लिहिलंय, त्याहून चांगलं काय होणार? माणशी हा शब्द रेशनच्या दुकानापासून लग्नाच्या पंगतीपर्यंत चालतो. बोटींच्या 80 टनांना ‘कोटा’ ठेवा. साखर कारखान्यांच्या महिन्याच्या विक्री कोट्यामुळं जिल्ह्याला तो पाठ आहे.

जुना तपासनीस :
‘नियमन’ राहू दे हे सांगायचं राहिलं. आपल्या राज्याचा 1981 चा कायदाही सागरी मासेमारी नियमनाचाच आहे. ‘बंदी’ लिहू नका, बंदी म्हणजे 1 जून ते 31 जुलैची पावसाळी, बोटी ओढून ठेवायची. न्यूझीलंडने या पट्ट्यात 2018 ला बंदी केली नव्हती, फक्त माप लहान केलं. बातमीवाले सगळ्यालाच बंदी म्हणतात आणि मग कोळी चिडतात, साहजिक आहे.

दाजी पेठ :
मापावरून आठवलं. तिकडे शेवंड लांबीने नाही, शेपटीच्या रुंदीने मोजतात. शेपटीच्या दुसऱ्या कड्यावर दोन बाजूंना काटे असतात, त्यांच्यामधलं अंतर. नर 54 मिलिमीटर, मादी 60. त्याहून बारीक असेल तर परत पाण्यात. त्यामुळे आधी नर की मादी हे ओळखावं लागतं : उलटी करायची, शेपटीखाली मोठ्या पाकळ्यांसारखे अवयव असले आणि शेवटच्या पायांना बारीक चिमटे असले तर मादी. शिवाय या पट्ट्यात हौसेने पकडलेल्या शेवंडीच्या शेपटीच्या पंख्यातल्या मधल्या पाकळीचा शेवटचा तिसरा हिस्सा कापावा लागतो, म्हणजे ती चोरून हॉटेलला विकली तर खूण दिसते. या कापण्याला शब्द?

रत्नागिरीकर :
‘शेपटीला खूण करणे’. पारिभाषिक काही घडवत बसू नका, मेंढरांच्या कानाला खूण करतातच ना.

दाजी पेठ :
आणि अंडी घेऊन फिरणारी मादी? ‘गाभोळीची शेवंड’ लिहिलंय.

रत्नागिरीकर :
गाभोळी पोटातली असते, तळून खायची. शेवंडीची अंडी बाहेर, शेपटीखाली गुच्छासारखी चिकटलेली, आधी केशरी, फुटायच्या आधी काळपट. ‘अंडीवाली’ लिहा.

जुना तपासनीस :
‘अंडीधारी’ असं काही संस्कृत करू नका एवढीच विनंती. शीर्षक आता असं होतं : ‘शेवंडीचा घटलेला साठा सावरण्यासाठी व्यावसायिक आणि हौशी मासेमारीचे नियमन’. लांब आहे, पण भित्तिपत्रकाला दोन ओळी परवडतात.

दाजी पेठ :
दोन ओळींत बसलं. काकांना दाखवलं, शेतीचं नाव काढलं नाही, ‘शेवंड महाग असेल’ एवढंच म्हणाले. आता चित्र तेवढं राहिलंय. शोधलं की सगळीकडे नांग्यावालेच येतात. कुणाकडे बिननांगीच्या शेवंडीची हाताने काढता येईल अशी साधी रेघांची आकृती असेल तर सांगा, कागद शुक्रवारी चिकटवायचा आहे.