मोटारसायकलवाल्या काकांच्या आठवणी लिहा

नागपूरच्या सदरमधल्या पत्र्याच्या शेडमध्ये जुन्या मोटारसायकली जमवणारे, त्यांना चालत्या करणारे आपले काका गेले. मागच्या आठवड्यात तेरवी झाली. ज्याला जे आठवते ते लिहा, दोन ओळी असल्या तरी चालेल. सुरुवात मी करतो; पुढे कंसात लिहिणारा कुठला ते.

बाबांची म्हैसूरला बनलेली जावा ते गेल्यावर जिन्याखाली पडून होती. ढकलत काकांकडे नेली, म्हटलं नवीकोरी करून द्या. त्यांनी टाकीवरून हात फिरवला. बाबांचे गुडघे घासून तिथला रंग उडाला होता. "पोट्ट्या, हा रंग तुझ्या बापानं उडवला. यावर मी फवारा मारणार नाही." नाहीच मारला. टाकीतला गंज मात्र आत नट टाकून, हलवून हलवून काढला. सिलिंडर बोअर करून मोठ्या मापाचा पिस्टन बसवला. क्रँकचं सील मला हातात धरून दाखवलं: टू-स्ट्रोकमध्ये ते गेलं की बाहेरची हवा आत ओढली जाते, पेट्रोल कमी पडतं आणि इंजिन तापतं. आजही ती गाडी मी रामटेकपर्यंत नेतो. गाडी नुसती उभी ठेवली की काकांना राग यायचा.

(महाल) त्यांची बीएसए एम-20 कुणी विसरलं का? दुसऱ्या महायुद्धातली फौजी गाडी, 500 सीसी, मागं शॉकअप नाहीच. किक मारण्याआधी हँडलवरच्या लिव्हरनं स्पार्क मागे घ्यायचा, म्हणजे ठिणगी जरा उशिरा पडू द्यायची, नाहीतर किक उलटी बसते. हे न सांगता त्यांनी कुणाला त्या गाडीजवळ जाऊ दिलं नाही.

(धरमपेठ) कॉलेजात असताना मला बुलेट शिकायची होती. घरचे म्हणत, तुझ्या पायात तेवढा जोर नाही. काकांनी अ‍ॅमीटर दाखवला, म्हणजे करंटचा काटा, आणि डीकॉम्प्रेसर, सिलिंडरमधला दाब सोडणारी लिव्हर. "ए पोट्टी, डीकॉम्प्रेसर दाब, काटा मध्यावर आण, सोड, आता पूर्ण पाय खाली ने." चालू झाली! गिअर उजवीकडे, ब्रेक डावीकडे, तेही त्यांनी कस्तुरचंद पार्कला चालवून घेतलं. आज माझी मुलगी त्याच गाडीवर शिकते आहे.

(इतवारी) मे महिन्यात शेडमध्ये भट्टी असायची. कूलर एकच, तोंड गिऱ्हाइकाकडे.

(कामठी) इंग्रजी गाडीच्या नटाला मिलिमीटरचा पाना लावलेला त्यांना खपत नसे. व्हिटवर्थचे, म्हणजे जुन्या इंग्रजी मापाचे, पाने ते भंगारातून शोधून आणत आणि वापरून झाले की रॉकेलनं पुसून ठेवत. आता मीही पुसतो.

(मनीषनगर) कागदपत्रांसाठी ते सगळ्यांच्या मागे लागायचे. 2021 मध्ये नियम आला, 50 वर्षांवरची, मोठे बदल न केलेली गाडी व्हिंटेज म्हणून नोंदवता येते, नंबरात ‘व्हीए’ येतं. पहिल्या नोंदणीची फी 20,000 रुपये. माझा अर्ज त्यांनी स्वतः बसून भरवून घेतला.

आणि शेवटी पुन्हा माझ्याकडून, सुरुवात करणाऱ्याकडून, एक कामाचं. शेडमध्ये अजून काही गाड्या उघड्या इंजिनानिशी पडल्या आहेत. काकू म्हणतात, ज्याची त्यानं आरसी घेऊन यावं, भाग मिसळायच्या आत. मी रविवारी सकाळी तिथे असेन. ज्यांना मॅग्नेटो (इंजिनाच्या ठिणगीसाठी वीज तयार करणारा भाग) बांधता येतो त्यांनी नक्की या.