"हप्ता थांबवा, तेच धावत येतील" असं सांगणाऱ्यांना

सुरंगी
गेले चार दिवस दापोलीपासून वेंगुर्ल्यापर्यंत सगळ्या ग्रुपांवर एक पोस्ट फिरते आहे. सार असं: गृहकर्जवाले अर्जाला उत्तर देत नसतील तर हप्ते सरळ बंद करा, तीन महिन्यांत तेच तडजोडीला दारात येतील, आणि गावच्या घराला हात लावायची कुणाची टाप नाही, सातबाऱ्यावर दहा नावं असतात. खाली अंगठ्यांचा नुसता पाऊस.

तीन महिन्यांनी दारात काहीतरी येतं हे खरं आहे. ती सरफेसी कायद्याच्या (कर्ज थकलं की कोर्टात न जाता गहाण मालमत्ता ताब्यात घेऊ देणारा कायदा) कलम १३(२) ची, साठ दिवसांत सगळं कर्ज भरा असं सांगणारी नोटीस असते. ज्या नव्वद दिवसांत कर्जदाराच्या हातात काही असतं, तेच दिवस ही पोस्ट फुकट घालवायला सांगते.

दिवस कसे मोजतात ते बघा. समजा कर्जदार होडीवाला. मासेमारी बंदी १ जून ते ३१ जुलै. हप्ता दर महिन्याच्या ५ तारखेला, आणि ५ जूनचा चुकला. ५ जुलैला खातं एसएमए-१ (बुडण्याच्या वाटेवरचं, देखरेखीतलं खातं), ४ ऑगस्टला एसएमए-२, ३ सप्टेंबरला दिवसअखेर एनपीए (थकीत-बुडीत खातं). मोजणी सगळ्यात जुन्या थकलेल्या हप्त्यापासून होते. म्हणजे ऑगस्टात होडी गेली, पहिले पैसे आले आणि जूनचा एकच हप्ता पूर्ण भरला, तरी मोजणी ५ जुलैवर सरकते आणि महिना मिळतो. हप्ता पूर्ण हवा. शंभर रुपये कमी पडले तर जुनी तारीख तशीच चिकटून राहते. भरताना "जूनच्या हप्त्यापोटी" असं लिहून द्या, नाहीतर पैसे आधी दंडात वळते व्हायची भीती.

३ सप्टेंबर उलटला की हे गणित संपलं. मग एक हप्ता भरून काही होत नाही. मुद्दल-व्याजाची सगळी थकबाकी भरल्याशिवाय खातं नियमित होत नाही. रिझर्व्ह बँकेने नोव्हेंबर २०२१ मध्ये हे स्पष्ट केलं आहे.

आणि "उत्तर देत नाहीत" म्हणणाऱ्यांपैकी किती जणांनी लेखी अर्ज दिलाय? काउंटरवरच्या पोराला सांगणं आणि वसुलीवाल्याला फोनवर विनवणं म्हणजे अर्ज नव्हे.

जांभा
वा. म्हणजे चूक कर्जदाराचीच. उत्तर का येत नाही, ते धाग्यात का नाही? मी लिहितो. नियमित गृहकर्जावर बँकेला ०.२५ टक्के तरतूद करावी लागते. कर्जदार अडचणीत आहे म्हणून अटी बदलल्या की ती पुनर्रचना, खातं घसरतं, आणि तरतूद १५ टक्क्यांवर जाते. १८ लाख बाकीवर ४,५०० रुपयांच्या जागी २,७०,००० बाजूला काढायचे. कुठला शाखाधिकारी यावर सही करेल? गप्प बसणं फुकट पडतं, म्हणून ते गप्प बसतात. अर्जावरच्या आवक शिक्क्याची पूजा करून घर वाचत नाही.

शिवाय सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२१ मध्ये बिजनौरच्या नागरी सहकारी बँकेच्या खटल्यात सांगून टाकलंय की एकरकमी तडजोड हा कर्जदाराचा हक्क नाही. मग अर्ज करून मागायचं तरी काय?

सुरंगी
तरतुदीचं बरोबर आहे, मान्य. पण त्यातूनच माझा मुद्दा निघतो. सवलत हा हक्क नाही, उत्तर हा आहे, आणि दोन्हींची मागणी वेगळी लिहावी लागते.

रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे (बँकांविरुद्धच्या तक्रारी ऐकणारा) "मुदत वाढवून द्या" अशी तक्रार केली की फेटाळली जाते, कारण तो संस्थेचा व्यावसायिक निर्णय. "अमुक तारखेच्या अर्जाला ३० दिवसांत उत्तर नाही, खातेउतारा दिला नाही, दंडावर व्याज लावलं" अशी केली तर घ्यावी लागते. वकिलामार्फत केली की बाद. त्याच कारणावरून डीआरटीत (कर्जवसुली न्यायाधिकरणात) प्रकरण चालू असेल तरी बाद. आणि गृहवित्त कंपनी असेल तर रिझर्व्ह बँकेचा लोकपाल नाहीच, नॅशनल हाऊसिंग बँकेच्या ग्रिड्स पोर्टलवर जायचं. निम्मे लोक चुकीच्या दारात महिना घालवतात.

खाडीकाठ
सगळे थकबाकीवर बोलताय, दरावर कुणीच नाही. रेपो (रिझर्व्ह बँक बँकांना कर्ज देते तो दर) फेब्रुवारी २०२३ पर्यंत ६.५ वर गेला, तेव्हा लगेच वाढवला. २०२५ मध्ये चार वेळा कमी होऊन डिसेंबरात ५.२५ झाला, तेव्हा कंपन्यांना ऐकू आलं नाही. ऑक्टोबर २०१९ पासूनचा बाह्य मानदंडाचा (कर्जाचा दर रेपोसारख्या बाहेरच्या दराला बांधायचा) नियम बँकांना आहे, गृहवित्त कंपन्यांना नाही. आणि बिनशेती नसलेल्या जागेवर बँक कर्ज देत नाही म्हणून आपला माणूस जातो कंपनीकडेच.

जांभा
याचा धाग्याशी संबंध?

खाडीकाठ
आहे ना! दर वाढला तेव्हा हप्ता तोच ठेवून मुदत गुपचूप लांबवली. ऑगस्ट २०२३ च्या परिपत्रकाप्रमाणे दर बदलताना हप्ता वाढवायचा, मुदत वाढवायची की काही मुद्दल भरायचं हा पर्याय कर्जदाराला द्यायला हवा. आधी उतारा मागवा. मुदत आधीच कमाल मर्यादेला टेकली असेल तर मुदतवाढीचा अर्ज हा भिंतीवर डोकं आपटण्याचा प्रकार आहे. त्याच दिवशीच्या दुसऱ्या परिपत्रकाने दंडव्याजही बंद केलंय. दंड आकारता येतो, त्यावर व्याज चढवता येत नाही.

आणि मुदतवाढीचे गोडवे गाणाऱ्यांनी हेही बघा: १८ लाख, ९.५ टक्के, १२ वर्षं बाकी. हप्ता साधारण २१,००० चा. २० वर्षं केली की १६,८०० च्या आसपास. महिन्याला ४,२०० सुटले, आणि पुढचं एकूण व्याज १२.२ लाखांवरून २२.३ लाखांवर गेलं.

सुरंगी
गोडवे कुणी गायले? पण आकडे बरोबर आहेत. म्हणूनच आठ वर्षं मागू नयेत. दोन मागावीत, आणि हात मोकळा झाला की हप्ता वाढवावा. बदलत्या दराच्या वैयक्तिक गृहकर्जावर मुदतपूर्व फेडीचं शुल्क लागत नाही.

रातांबा
एवढा मोठा पुराण कित्याक? त्या पोस्टीतला दुसरा वाक्य कोण खोडूक नाय. सातबाऱ्यार चुलत-चुलत धरून चौदा नावा, बाजूक कलमांची बाग, मधी घर. सरफेसीच्या ३१(आय) प्रमाणे शेतजमिनीक हो कायदो लागूच नाय. येवांदे कोण येता तो.

तिरफळ
येणार, आणि गोव्याचाच दाखला घेऊन येणार. ब्लू कोस्ट हॉटेल्सचा खटला, २०१८. तिथेही कर्जदाराचं म्हणणं हेच होतं की काही तुकडे महसुली दप्तरी शेतीचे आहेत. सर्वोच्च न्यायालयाने ऐकलं नाही. दप्तरात काय लिहिलंय तेवढ्यावर भागत नाही, जमीन प्रत्यक्षात कशाला वापरली आणि कशासाठी गहाण टाकली ते बघतात. घर बांधायला म्हणून कर्ज घ्यायचं, घराचा असेसमेंट उतारा जोडायचा, आणि नोटीस आली की "ही बाग आहे" म्हणायचं?

रातांबा
आनी चौदा नावा? तेंका पण कोर्टान पुसून टाकला?

तिरफळ
सामाईक नावांचं बळ आहे, पण पोस्टवाला सांगतो तिथे नाही. ज्याने सही केली त्याचाच हिस्सा गहाण पडतो. लिलावात तो अविभक्त हिस्सा घेणाऱ्या परक्याला कुटुंबाच्या राहत्या घरात एकत्र ताबा मागता येत नाही, मालमत्ता हस्तांतरण कायद्याचं कलम ४४. त्याला वाटपाचा दावा लावावा लागतो. हे कर्ज देणाऱ्यालाही पाठ आहे, म्हणून तो आधीच बहिणींची हक्कसोडपत्रं आणि मुंबईच्या भावाची सहकर्जदार म्हणून सही घेतो. ज्याची फाईल मंजूर झाली त्याची चौदा नावं बहुतेक कागदावर उरलेलीच नसतात. फेरफार काढून बघा.

रातांबा
सगळ्यांचे फेरफार तुका दाखवून करतत वाटता. टेबलाफुडे बसून गाव शिकव नको.

तिरफळ
गाव नाही, कायदा शिकवतोय. पतसंस्थेचं कर्ज असेल तर ३१(आय) चा प्रश्नच येत नाही, कारण सरफेसी तिला मुळात लागूच नाही. ती सहकार कायद्याच्या कलम १०१ खाली वसुली दाखला आणते, आणि तिथे साठ दिवसांची नोटीस नाही, लोकपाल नाही, बागेला सूटही नाही. दाखल्याविरुद्ध कलम १५४ खाली फेरतपासणीला जायचं तर रकमेच्या निम्मे आधी भरा. सहकारी बँकेकडे मात्र दोन्ही रस्ते आहेत. मुरगूडच्या बँकेच्या खटल्यात ५ मे २०२० ला घटनापीठाने तिला सरफेसीही दिलाय. तुझा ३१(आय) एक दार बंद करतो. बाकीची उघडीच.

जांभा
पतसंस्थेचं खरं आहे. दुर्दैवाने.

पण तिरफळने सोयीची बाजू गाळली. तेच कलम ३१, पोटकलम जे: बाकी रक्कम मुद्दल आणि व्याज धरून वीस टक्क्यांच्या खाली असेल तर सरफेसी चालत नाही. ज्यांनी बहुतेक कर्ज फेडलंय आणि शेवटच्या दोन वर्षांत अडकलेत, तेच सगळ्यात जास्त घाबरतात. त्यांना हे कुणी सांगत नाही.

आणि आता कोल्हापूरला मुंबई उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच झालंय. रत्नागिरी-सिंधुदुर्गवाल्यांनी मुंबईला खेपा कशाला घालायच्या, तिथेच रिट (थेट उच्च न्यायालयातली याचिका) टाकावी.

तिरफळ
वीस टक्के मान्य, राहिलं होतं. रिटचं मात्र विसरा. खासगी संस्थेच्या सरफेसी कारवाईविरुद्ध रिट चालत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्येच सांगितलंय. जायचं डीआरटीत, आणि तेही १३(४) चं, म्हणजे ताबा घेण्याचं, पाऊल पडल्यावर ४५ दिवसांत. नुसती १३(२) ची नोटीस घेऊन गेलात तर वेळेआधी आलात म्हणून परत पाठवतात.

जांभा
म्हणजे घर सील होईपर्यंत थांबायचं. काय तो न्याय!

सुरंगी
थांबायचं नाही. नोटिशीनंतरच्या साठ दिवसांत १३(३ए) खाली लेखी हरकत द्यायची. पंधरा दिवसांत कारणांसह उत्तर देणं बंधनकारक आहे. संपूर्ण कायद्यात "उत्तर दे" असं कर्ज देणाऱ्याला सुनावणारी जागा हीच, आणि लोक नोटीस कपाटात ठेवतात किंवा घ्यायचीच नाकारतात. नाकारली तर दारावर चिकटवतात. दिवस त्याने थांबत नाहीत.

तिरफळ
ब्लू कोस्टमध्ये हेही आहे बरं का. उत्तर देणं सक्तीचं, असं न्यायालय म्हणालं. तरी त्या प्रकरणात उत्तर नव्हतं म्हणून कारवाई रद्द केली नाही, कारण कर्जदाराला मधे बऱ्याच संधी दिल्या होत्या. त्यामुळे हरकतीत "माझ्यावर अन्याय झाला" लिहून उपयोग नाही. कुठला हप्ता कुठल्या तारखेला भरला, तो जमा का दिसत नाही, एनपीएची तारीख चुकीची कशी, असे आकडे लागतात.

जांभा
शेवटी तुमच्याच तोंडून आलं की सक्तीचं उत्तरही सक्तीचं नाही. धन्यवाद.

खाडीकाठ
आणि रात्री नऊला येणारे वसुलीवाले? सकाळी ८ च्या आधी, संध्याकाळी ७ नंतर फोन करायचा नाही हा नियम ऑगस्ट २०२२ चा. कॉलची नोंद तारीख-वेळेसकट ठेवा, लोकपाल अशी तक्रार घेतो. दराचं मात्र कुणी काही बोललं नाहीच.

रातांबा
बरा बाय, हरलंय मी. पन त्या पोस्टवाल्याच्या तोंडार शिरा पडो, माका वाटला बाग तरी सुटली. आता ता पत्र कसा लिवायचा ता सांग, भाषण नको.

सुरंगी
एक पान पुरतं. कर्जखाते क्रमांक, थकलेले हप्ते तारखेसह, कारण एका ओळीत, सोबत सहा महिन्यांचा बँक उतारा. मागणी आकड्यात: "हप्ता २१,००० आहे. जून ते ऑगस्ट दरमहा १४,२५० म्हणजे फक्त व्याज भरतो, राहिलेलं मुद्दल सप्टेंबरपासूनच्या नऊ हप्त्यांत विभागून द्यावं." नुसतं "सवलत मिळावी" लिहू नका. खाली सगळ्या सहकर्जदारांच्या सह्या. मुंबईच्या भावाची राहिली की अर्ज अपुरा म्हणून तसाच पडतो, आणि ते कळवतही नाहीत. एक प्रत शाखेत देऊन दुसरीवर शिक्का आणि आवक क्रमांक घ्या, एक तक्रार निवारण अधिकाऱ्याला पोस्टाने. रजिस्टर पोस्ट आता स्पीड पोस्टातच विलीन झालंय, तेव्हा खिडकीवर पोच हवी असं वेगळं सांगा.

रातांबा
भाऊ गणपतीक येतलो, तेवा सही घेतंय.

सुरंगी
गणपतीपर्यंत तुझे नव्वद दिवस भरतील रे. आजच कुरिअर कर.