जुनी होबी होडी वाऱ्यासमोर जाऊन थांबते, वळतच नाही. दोष शिडाचा की सुकाणूचा?

नमस्कार मंडळी. सोलापुरात राहून शिडाची होडी घेतली म्हटल्यावर घरचेदारचे सगळे हसले, तुम्हीही हसून घ्या. सेकंडहँड होबी १६ आहे, म्हणजे दोन सांगाड्यांची, दोन सुकाणूंची जोडहोडी. टेंभुर्णीच्या बाजूने उजनीत उतरवतो.

टॅक करायला, म्हणजे नाक वाऱ्यातून पलीकडे वळवायला गेलो की होडी अर्ध्यात थांबते, शिडं फडफडतात आणि ती चक्क मागे सरकायला लागते. पाठीवर वारा घेऊन फिरवली तर फिरते. सरळ जातानाही टिलर (सुकाणूचा दांडा) इतका ओढतो की अर्ध्या तासात दंड भरून येतो.

दोन्ही सुकाणूंचे कॅम, म्हणजे पातं खाली अडकवून धरणारे खटके, झिजलेत. डावं पातं वेगात मागे उचललं जातं. उजवं मी नायलॉन दोरीने आवळून बांधलंय. पिनांचे बुश खडखडतात. त्यातच उन्हाळ्यात पाणी उतरलं तेव्हा उजवं पातं बुडीत गावाच्या कुठल्याशा दगडावर आपटलं. टवका उडालाय, टिचकी मारली की बद्द वाजतं. एमसील चालेल का?

मेनसेलची (मोठ्या शिडाची) शिवणही उसवलीय. चादरींच्या गावात शिवणारे पुष्कळ, पण ताडपत्रीवाला सुती दोरा वापरतो म्हणाला.

प्रतिसाद: आधी सुकाणू. पातं मागे कललं की पाण्याचा जोर बिजागरीपासून लांब पडतो, म्हणून टिलर जड. कॅम नवे घाला, बुश लेथवाल्याकडून नायलॉनचे करून घ्या. बद्द वाजतं तिथे आत पाणी आहे. बारीक भोकं पाडून पूर्ण सुकू द्या, मग काचकापड आणि इपॉक्सी. नुसतं एमसील नको. शेवटी दोन्ही सुकाणूंना जोडणारा जोडदांडा फिरवून दोन्ही पाती समांतर करा.

सुती दोरा कुजतो. पॉलिस्टर दोरा, झिगझॅग टाका.

टॅक घेताना आधी वेग हवा. टिलर झटक्यात ढकलू नका, सुकाणूच ब्रेक होतं. जिब (पुढचं छोटं शीड) लगेच सोडू नका. उलट्या बाजूने वारा भरला की तीच नाक पलीकडे ढकलते. नाक वाऱ्यापलीकडे जाताना मेनशीट (मोठं शीड ओढायची दोरी) हातभर ढिली. तरी मागे सरकलीच, तर टिलर उलटा धरा.

आणि उजव्या पात्याची ती नायलॉन दोरी सोडा. दगड लागला की पातं आपोआप वर उचललं जावं म्हणूनच कॅम असतो.

धागाकर्ता: म्हणजे टवका दगडाने नाही, मीच पाडला. दोरी आजच सोडतो. घरी मात्र दगडच सांगणार. इपॉक्सीवर पॉलिश पेपर किती नंबरचा मारू?